आंभोऱ्याच्या पाण्यातली बेटं

आंभोऱ्याच्या घाटावरून नाव सुटली की सुरुवातीला सगळ्यांच्या माना वरच असतात. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा, तारांनी तोललेला नवा पूल 2024 मध्ये खुला झाला. नदी उंचावरून न्याहाळता यावी म्हणून त्यावर दालनही बांधलं आहे आणि सुट्टीची गर्दी तिथंच लोटते. पूल पाहण्यासारखा आहेच. पण आंभोऱ्याला सबंध दिवस हाताशी ठेवून यावं, ते पुलाखालून पुढं पवनीच्या दिशेनं पसरलेल्या पाण्यासाठी आणि त्या पाण्यात डोकं वर काढणाऱ्या लहान-लहान बेटांसाठी.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाट, गोंदियातून भंडाऱ्यात येते. आंभोऱ्याला तिला कन्हान मिळते. आसपासचे लहान प्रवाह धरून लोक याला पाच नद्यांचा संगम मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे, हरिनाथांची समाधी आहे. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ रचला तो इथंच, अशी या भागाची श्रद्धा. आंबेजोगाईकरही तोच मान सांगतात.

आजचं हे पाणी मात्र धरणाचं आहे. पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तिला 33 दरवाजे, पूर्ण संचय पातळी 245.50 मीटर. पुनर्वसन रखडत गेलं म्हणून त्या पातळीला पोचायला वर्षानुवर्षं लागली. नाव जिथून जाते तिथं खाली कुणाची तरी धानाची बांधी आहे, कुणाचं अंगण आहे. हे मनात ठेवूनच इथं फिरावं. पाण्याबाहेर उरले ते उंचवटे, खडकांचे माथे आणि नदीनं आणून टाकलेले रेतीचे थर. हीच ती बेटं. अंतरानं जवळ, पण डोंग्याशिवाय पाय न लागणारी.

हिवाळ्यातली सकाळ बदकांची. धुकं उठायच्या आत निघावं. बुडून वाळलेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. त्यांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात आणि त्याखालच्या उथळात राखी बगळा तासन्‌तास हलत नाही. हळदीकुंकू बदक, चक्रवाक, तलवार बदक, मुग्धबलाक ही सारी मंडळी दुर्बिणीतून ओळखावीत. इंजिन बंद करून वल्ह्यावर गेलं तर अंतर आपोआप कमी होतं. हे ढिवर बांधवांना सांगावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या या माणसांना पाण्यावर कुणाला कधी त्रास द्यायचा नाही, याची चांगली जाण आहे.

पण बेटांचा खरा मोसम उन्हाळा. मार्चपासून पाणी उतरू लागतं, रेती उघडी पडते आणि नदी सुरय, छोटी आर्ली, नदी टिटवी घरटी मांडतात. घरटी म्हणजे काय, रेतीत पोटानं केलेला एक खळगा. काडी नाही, पान नाही. अंडी वाळूच्या आणि गोट्यांच्या रंगाची, ठिपक्यांची. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत आणि म्हणूनच पायाखाली येतात. मे महिन्यात इथला पारा 44-45 अंशांवर जातो, रेती त्याहून तापते. तेव्हा पक्षी पाण्यात उतरून पोटाची पिसं भिजवतात आणि परत येऊन त्या ओलाव्यानं अंडी थंड राखतात. दिवसभर हीच ये-जा. अशा वेळी फोटोसाठी कुणी बेटावर उतरलं, तर पक्षी भेदरून उडतात, वर घिरट्या घालत ओरडत राहतात आणि सावली हरवलेली अंडी उन्हात भाजून निघतात. नदी सुरय आता जागतिक पातळीवर संकटात सापडलेल्या जातींमध्ये गणला जातो.

बेटाचं सगळं आयुष्य पाण्याच्या पातळीवर टांगलेलं आहे. पातळी फार उतरली की काठाशी वाट तयार होते, भटकी कुत्री आणि कोल्हे चालत पोचतात. वरच्या धरणांतून अवेळी पाणी सुटलं की अंडी वाहून जातात. शिवाय रेतीचा उपसा आहे. वैनगंगेची आणि कन्हानची रेती ट्रकांनी शहरात जाते, तिच्याबरोबर घरट्यांची जागाही जाते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून इथं उतरतं. संगमाजवळ जलकुंभीचे हिरवे गालिचे दिसतात ते याच पाण्यावर पोसलेले. ते पाहून सुखावू नये.

दुपारी पवनीच्या बाजूनं गेलं तर जमिनीवरचं रानही भेटतं. 2012 मध्ये घोषित झालेल्या उमरेड-करांडला अभयारण्यात पवनी तालुक्यातलं जंगल येतं. नागझिऱ्यातून निघालेला ‘जय’ वाघ 2013 मध्ये इथं येऊन स्थिरावला. 2016 च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही. धरणाचा उजवा कालवा याच रानातून गेलाय, आणि त्यात पडलेल्या प्राण्यांना उभ्या काँक्रीटच्या भिंतींमुळे वर येता येत नाही. खुद्द पवनी गावात 1969-70 च्या उत्खननात सापडलेल्या बौद्ध स्तूपांच्या टेकड्या आहेत. त्यासाठी वेगळा दिवस द्यावा, घाईत उरकू नयेत.

आता राज्य सरकारनं या जलाशयावर जलपर्यटन प्रकल्प हाती घेतला आहे. इथल्या तरुणांना काम मिळणार असेल तर नावा यायलाच हव्यात. जमीन गमावलेल्या गावांचा त्यांवर पहिला हक्क आहे. मात्र मार्च ते जून एकाही प्रवाशाला बेटावर उतरू देऊ नये, वेगवान बोटी घरट्यांपासून लांब ठेवाव्यात, आणि हा नियम तिकिटावरच छापावा. चंबळ नदीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पाणचिऱ्यांच्या घरट्यांवर काठच्या गावकऱ्यांनाच राखणदार नेमलं. आंभोऱ्यापासून पवनीपर्यंतच्या ढिवरवस्त्यांमध्ये असे राखणदार आजच तयार आहेत; त्यांना चार महिन्यांचा पगार आणि एकेक दुर्बीण द्यायची आहे. आणि धरणाच्या दरवाजांचं वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत, एप्रिल-मे महिन्यांत तरी, वनखात्याच्या माणसाला एक खुर्ची हवी.