डावखुऱ्याची बंदूक

कात्री डावखुऱ्याला छळते, पण जिवावर उठत नाही. बंदुकीचे तसे नाही. बोल्ट-ॲक्शन रायफलीचा दांडा बहुधा उजव्या अंगाला असतो. डाव्या खांद्याने नेम धरणाऱ्याला दर गोळीनंतर पकड सोडून हात पलीकडे न्यावा लागतो. क्षण जातो, नेम ढळतो. परदेशात डाव्या दांड्याच्या हलक्या रायफली मिळतात. पण रायफल जितकी हलकी, तितका खांद्याला धक्का मोठा. बँकेच्या दारावरची बारा बोअरची दुनळी बरी. मधोमध मोडायची, काडतुसे भरायची, मिटायची. तिला डावे-उजवे फारसे कळत नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या नगरात, आता शिकार उरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपवले. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला तर १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे.

उरली ती नेमबाजी. तुमचे पोर डावखुरे असेल, तर आधी त्याचा डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याला बोटाने लांबची खूण झाकायला सांगा. मग एकेक डोळा मिटू द्या. ज्या उघड्या डोळ्याला खूण झाकलेलीच दिसते, तो नेमाचा डोळा. दस्ता त्याच बाजूच्या खांद्याला. जेवताना चापट मारून आपण पुष्कळ डावे हात उजवे केले. निदान नेम तरी ज्याचा त्याला धरू द्यावा.