झाकण कुठे आहे?

टाकीत उतरलेले कामगार गुदमरून गेल्याची बातमी पुन्हा पहिल्या पानावर आली. ठेकेदारावर गुन्हा, मास्क नव्हते, हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा काय सांगतो, हे सगळं वाचून झालंच असेल. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. मैला ओढणारी गाडी दारात उभी असताना माणूस खाली उतरवायची वेळ येतेच कशी? ठेकेदाराचा निष्काळजीपणा आहेच. पण बरंचसं उत्तर आपल्या मोरीत आणि ओट्यावर सापडतं.

आमचे एक काका अभिमानाने सांगत, “आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही.” जणू घराला आरोग्याचं प्रशस्तिपत्रच मिळालंय! सेप्टिक टँकमध्ये जड मैला तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं निवळलेलं पाणी शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू मैला पचवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ साठतच राहतो. म्हणजे वीस वर्षं न ‘भरलेली’ टाकी एकतर खालून पाझरत असते, नाहीतर आलेला मैला तसाच पुढे ढकलत असते. काकांची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती.

निवळायला पाण्याला टाकीत निदान दिवसभर निवांतपणा लागतो. मोरीचं पाणी त्याच टाकीत सोडलेलं असलं आणि रविवारी वॉशिंग मशीनचे चार घाणे लागोपाठ काढले, की तळ ढवळून निघतो. गळका फ्लश तेच काम रात्रंदिवस करतो. तळणीचं उरलेलं तेल आणि खरकटं सिंकमधून तिथेच गेलं, तर साय जाड होते. संडास पांढराशुभ्र दिसावा म्हणून बाटलीभर अ‍ॅसिड ओतायचं आणि मग टाकी ‘जिवंत’ करायला शेणकाला, गूळ नाहीतर बाजारातली पावडर टाकायची, हा तर निव्वळ विनोद. जिवाणू मैल्यातच भरपूर असतात. त्यांना मारलं नाही तरी पुष्कळ झालं.

सॅनिटरी पॅड, डायपर आणि ओले वाइप्स मात्र विनोदाचा विषय नाहीत. ते टाकीत कुजत नाहीत, गाडीच्या पाइपात बोळा होऊन अडकतात. त्यात वर्षानुवर्षं न हललेला गाळ तळाशी घट्ट बसलेला असतो. पाइप वरचं पाणी ओढतो, गाळ जागचा हलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, जरा आत उतरून मोकळं कर. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासाच होतो. म्हणून पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

वाई आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी २०१८च्या सुमारास टाकी तुंबायची वाट न पाहता, दर ३ वर्षांनी ओळीने घरोघरच्या टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. मला ती कुठल्याही स्वच्छता मोहिमेच्या फलकापेक्षा मोलाची वाटते. तोवर गाळ मऊ असतो, पाइपाने निघतो.

पण त्यासाठी पाइप आत जायला हवा. कित्येक घरांत अंगणाला नवी फरशी बसवताना टाकीचं झाकण खाली गाडलं गेलंय, काहींच्या तर टाकीवरच स्वयंपाकघर आलंय. झाकण नेमकं कुठे आहे, हे फक्त जुन्या गवंड्याला ठाऊक असतं.