शनिवारी प्रयोग, सोमवारी वर्ग

मी व्यावसायिक नाटकांची प्रकाशयोजना करतो आणि सोमवारी नाट्यविभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. पूर्णवेळ प्राध्यापकाला सहसा नेट किंवा पीएच.डी. लागते, माझ्याकडे तीस फुटांची शिडी चढायची सवय आहे.

पहिल्या तासाला मी एका मुलीला स्टुलावर बसवतो आणि समोरून एकच स्पॉट देतो. चेहरा पापडासारखा सपाट. मग दोन्ही बाजूंनी, वरून साधारण पंचेचाळीस अंशांत, एकीकडे अंबर, दुसरीकडे फिकट निळं जिलेटिन लावून दिवे सोडतो. नाक येतं, गालफडं येतात, डोळ्यांना खोली येते. ही रीत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेसने 1932 साली पुस्तकात मांडली. त्यामागचा सिद्धांत प्राध्यापक माझ्यापेक्षा नीट सांगतात. पण दौऱ्यावर डिमर दगा देतो तेव्हा कुठला दिवा आधी सोडून द्यायचा, ते मी सांगतो.

दोन्ही लागतं. नाटककार सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये जीवरसायनशास्त्राचं काम करत होते आणि ‘महानिर्वाण’ हे नाटक 1974 मध्ये रंगमंचावर आणत होते. पुढे 1996 पासून पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र त्यांनी सांभाळलं. लिहिता नाटककार विभागप्रमुख झाला, की तालीम हाच अभ्यासक्रम होतो.

कलावंत दौऱ्यावर गेला की तास बुडतो, ही तक्रार रास्तच आहे. त्यावर उपाय साधा: वेळापत्रक प्रयोगांच्या तारखा पाहून लावा. आणि पालकहो, प्रवेश घेताना इमारत बघू नका. शिकवणाऱ्यांचं नाटक सध्या कुठे चालू आहे, ते विचारा.