चित्रतबकडीची अनुक्रमणिका : दोषपरीक्षा व दुरुस्ती

पोथ्यांचे संग्राहक आणि इतिहासाचीं साधनें जमविणारे यांच्या कपाटांत, रुमालांच्या शेजारीं, गेल्या वीसपंचवीस वर्षांत डीव्हीडी नांवाच्या तबकड्यांचे गठ्ठे येऊन बसले आहेत. कोणीं वृद्ध कीर्तनकाराचें कीर्तन, कोणीं पाडावयास निघालेल्या वाड्याचें चित्रण, कोणीं एखाद्या जीर्ण पोथीचें पानामागून पान उलटून घेतलेलें चित्रण घरच्या संगणकावर जुळवून या तबकड्यांवर उतरविलें. आतां त्यांपैकीं कित्येक 'चालत नाहींत' म्हणून टाकून दिल्या जात आहेत. आणि ज्या फितींवरून त्या उतरविल्या, त्या फिती बुरशी लागून किंवा रद्दींत जाऊन बहुधा पूर्वींच नाहींशा झालेल्या असतात. 'चालत नाहीं' असें म्हणतांना ग्रंथ नष्ट झाला, कीं ग्रंथाची केवळ अनुक्रमणिका बिघडली, याचा निवाडा कोणीं केलेला नसतो. आमच्या पाहण्यांत दुसराच प्रकार अधिक आला. तो कसा ओळखावा, कसा दुरुस्त करावा, आणि नवी तबकडी जुळवितांना कसा टाळावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम तबकडीची अंतर्रचना पाहूं. १९९६ सालीं जपानांत ही पद्धति बाजारांत आली, तेव्हांपासून तिची मांडणी ठरलेली आहे. तबकडीच्या मुळाशीं 'व्हिडिओ_टीएस' नांवाचें दप्तर असतें व त्यांत तीन जातींच्या फाइली असतात. 'व्हीओबी' या मुख्य ग्रंथाच्या फाइली. यांत चित्र, ध्वनि व खालच्या ओळी एकत्र विणलेल्या असतात. अशी एक फाइल १ गिगाबाइटाहून मोठी होऊं द्यावयाची नाहीं असा नियम असल्यामुळें दीर्घ चित्रणाचे तीनचार तुकडे दिसतात. तो दोष नव्हे. 'आयएफओ' ही अनुक्रमणिका. कोणतें प्रकरण कोठें सुरू होतें, मेनूवरील कोणतें बटण कोठें नेतें, चित्रण संपल्यावर पुढें काय करावयाचें, हें सर्व तिच्यांत लिहिलेलें असतें. तिसरी 'बीयूपी', म्हणजे अनुक्रमणिकेची अक्षरशः केलेली नक्कल.

या नकलेविषयीं पाठचिकित्सा जाणणाऱ्यांस वेगळें सांगावयास नकोच. दोन पोथ्या एकाच मातृकेवरून उतरल्या असतील तर त्या दोन साक्षी होत नाहींत. आयएफओ व बीयूपी यांचा संबंध नेमका असाच आहे. तबकडीवर ओरखडा पडून आयएफओ वाचतां येईनाशी झाली असेल तर बीयूपीचा पूर्ण उपयोग होतो: सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्या, बीयूपीची एक प्रत करून तिला आयएफओचें नांव द्यावें, कीं काम झालें. परंतु जुळणी करतांनाच अनुक्रमणिका चुकीची तयार झाली असेल, तर तीच चूक बीयूपींतही शब्दशः उतरलेली असणार. तेव्हां बीयूपी लावूनही दोष तसाच राहिला म्हणजे तो ओरखड्याचा नसून जुळणीचा आहे, असा निष्कर्ष निःशंकपणें काढावा. या एका कसोटीनें पुष्कळ वेळ वांचतो.

एक पोटभेद येथें सांगितला पाहिजे. तबकडीवरील मजकूर २०४८ बाइटांच्या खंडांत लिहिला जातो आणि अशा सोळा खंडांचा, म्हणजे ३२ किलोबाइटांचा, एक गट करून त्यांतील चुका सुधारण्याची योजना केलेली असते. गट बिघडला तर तो संपूर्ण जातो. आयएफओ आरंभीं व बीयूपी शेवटीं असते, परंतु मुख्य मेनूच ठेवलेला नसला तर मध्यें कांहींच न उरल्यामुळें दोन्ही एकमेकींस चिकटून एकाच गटांत पडूं शकतात, आणि मग एका ओरखड्यानें दोन्ही साक्षी नाहींशा होतात. इम्गबर्नसारखें चांगलें सॉफ्टवेअर या अंतराविषयीं आधीं सूचना देतें. ती सूचना वाचण्याचाही आळस करणारे लोक आहेत.

दोष कोणत्या अवस्थेंत शिरला हें ठरविल्यावांचून दुरुस्तीस हात घालूं नये. अवस्था तीन : प्रकल्पाचा मसुदा, मसुद्यावरून केलेली जुळणी, आणि तबकडीवर उतरविणें, ज्यास सर्व लोक 'बर्न करणें' म्हणतात. जुळणी होऊन तयार झालेलें व्हिडिओ_टीएस दप्तर तबकडीवर न घालतां प्रथम संगणकांतच व्हीएलसी वगैरे चालकांत उघडून पाहावें. तेथें सर्व ठीक असून तबकडीवर बिघाड दिसला तर दोष बर्नचा. तेथेंच मेनू अडला, परंतु व्हीओबी फाइल एकटी उघडतां चित्र नीट दिसलें, तर दोष अनुक्रमणिकेचा. व्हीओबीच तुटक चालली तर दोष चित्राच्या रूपांतराचा, किंवा त्याहूनही मागचा.

मसुद्याविषयीं एक भ्रम फार पसरलेला आहे. प्रकल्पाची म्हणून जी लहानशी फाइल जपून ठेवलेली असते तिच्यांत चित्रण नसतें. चित्रण कोणत्या जागीं ठेवलें आहे याचे पत्ते मात्र असतात. मूळ फाइली दुसऱ्या दप्तरांत हलविल्या कीं ते पत्ते खोटे ठरतात व सॉफ्टवेअर 'फाइल सांपडत नाहीं' म्हणतें. त्यांत आणखी अडचण अशी कीं ज्या सॉफ्टवेअरनें हे मसुदे केले त्यांपैकीं पुष्कळांचा वंशच खुंटला. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा व विंडोज ७ यांबरोबर येत असे, २०१२ च्या विंडोज ८ मधून तें गेलें. ॲपलचें २००१ मधील आयडीव्हीडी २०११ नंतर नव्या संगणकांबरोबर येईनासें झालें. अडोबीच्या एन्कोरची परंपरा सीएस६ पाशीं थांबली. तेव्हां मसुदा हातीं असला तरी तो वाचणारा उरला नाहीं असें समजून तबकडीलाच आधार मानावें.

आतां मेनूकडे वळूं. मराठी संग्राहकास सर्वांत जास्त त्रास येथेंच होतो. जुन्या सॉफ्टवेअरपैकीं कित्येकांस देवनागरीची जोडणी ठाऊक नसते. तीं अक्षरें टंकलेल्या क्रमानेंच एकापुढें एक मांडतात. त्यामुळें ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या डावीकडे न जातां उजवीकडे राहते व 'शिव' हा शब्द 'शवि' असा दिसूं लागतो, रफार खालीं उतरून पाय मोडलेला र होतो, जोडाक्षरें सुटीं पडतात. टंक बदलून पाहण्यांत अर्थ नाहीं, कारण दोष टंकाचा नसून मांडणाऱ्याचा आहे. उपाय सरळ आहे. मेनूचें सबंध पान गिम्प किंवा इंकस्केप यांसारख्या देवनागरी नीट जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्यें चित्र म्हणून तयार करावें आणि तेंच पार्श्वभूमि म्हणून घालावें. नांवांवर केवळ रिकामीं बटणें ठेवावीं. डीव्हीडीस्टायलर या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें ही रीति सहज साधते.

चित्र काढतांना माप सांभाळावें. आपल्याकडील पाल पद्धतींत पडद्यावरचें चित्र ७२० बिंदु रुंद व ५७६ ओळी उंच असतें, परंतु ते बिंदु चौरस नसतात. म्हणून ४:३ च्या पडद्यासाठीं चित्र ७६८ × ५७६ असें काढून मग रुंदी ७२० वर आणावी. रुंद १६:९ पडद्यासाठीं १०२४ × ५७६ वरून आणावी. प्रथमच ७२० वर काढलें तर ४:३ च्या पडद्यावर अक्षरें सोळापंधरांश पट पसरट होतात. चारी कडांपासून दशांश जागा मोकळी ठेवावी, कारण जुने दूरदर्शनसंच कडा कापून टाकतात. आणि शिरोरेखा जाड ठेवावी. पडद्यावरील ओळी एकाआड एक अशा दोन फेऱ्यांत रंगविल्या जातात; एका ओळीइतकी बारीक शिरोरेखा त्यांपैकीं एकाच फेरींत येते आणि सबंध पान डोळ्यांपुढें थरथरतें. रोमन लिपींत हा त्रास क्वचित् जाणवतो, देवनागरींत प्रत्येक शब्दास होतो. शिरोरेखा निदान तीन ओळींची असावी, हा आमचा अनुभवाचा नियम.

बटण निवडल्यावर उजळून दिसतें तें मेनूच्या चित्राचा भाग नसून त्यावर पसरलेला एक वेगळा पातळ थर असतो. या थरांत पारदर्शक धरून चारच रंग मावतात. अक्षरांच्या कडा मऊ दिसाव्या म्हणून संगणक ज्या अनेक मधल्या छटा घालतो त्यांस येथें जागा नाहीं. त्यामुळें एकतर जुळणीच अडते, नाहींतर अक्षरांभोंवतीं करवतीसारखे दांते दिसतात. अक्षरेंच उजळविण्याचा हट्ट सोडून नांवाच्या डावीकडे एक भरीव चौकोन किंवा खालीं जाड रेघ उजळवावी. रुंद पडद्यासाठीं केलेल्या मेनूला जुन्या संचाकरितां दुसरा वेगळा थर लागतो. तो नसला तर उजेड एका नांवावर आणि निवड दुसऱ्याच नांवाची, असा प्रकार घडतो.

याहून चमत्कारिक दोष असा : संगणकावर माउसनें सर्व बटणें चालतात, पण दूरदर्शनवर रिमोटचा बाण दाबला असतां निवड हलतच नाहीं, किंवा पहिल्यावरून एकदम चौथ्यावर जाते. पुष्कळ लोक रिमोटच्या बॅटऱ्या बदलतात! वस्तुतः माउस बटणाची चौकट पाहतो, रिमोट मात्र प्रत्येक बटणापाशीं वर, खालीं, डावीकडे, उजवीकडे कोण आहे याची जी नोंद लिहिलेली असते तीच पाहतो. दोन चौकटी एकमेकींवर चढल्या असतां सॉफ्टवेअर ही नोंद भलतीच करतें. चौकटी सुट्या कराव्या व शेजाऱ्यांची नोंद हातानें तपासावी. म्हणूनच तपासणी नेहमीं बाणांच्या कळांनीं करावी, माउसनें नव्हे.

पोथीच्या चित्रणास आणखी दोन मर्यादा बाधतात. एका चित्रणास ९९ हून अधिक प्रकरणें देतां येत नाहींत. तेव्हां दीडशें पानांच्या पोथीस पानागणिक प्रकरण द्यावयाचें तर तिचे दोन भाग करणें प्राप्त आहे. दुसरें, प्रकरणाची खूण वाटेल त्या क्षणीं बसत नाहीं. चित्रें पंधरापर्यंतच्या गटांनीं बांधलेलीं असतात व खूण गटाच्या आरंभींच बसते. सेकंदास २५ चित्रें या हिशेबानें ती ०.६ सेकंदापर्यंत सरकूं शकते, आणि चोविसावें पान मागितलें असतां क्षणभर तेविसाव्याची पाठ दिसते. पान उलटल्यावर दोन सेकंद स्थिर धरून खूण त्या स्थिर भागांत घातली म्हणजे हा घोटाळा होत नाहीं.

चित्रण संपल्यावर पडदा काळा होऊन यंत्र थांबतें व मेनूवर परतत नाहीं, ही तक्रारही नेहमींची. प्रत्येक चित्रणाच्या शेवटीं 'आतां मेनूवर जा' अशी आज्ञा लिहावी लागते. ती राहिली कीं यंत्रास पुढचें कळत नाहीं. शिवाय एका संचांतून दुसऱ्या संचांत थेट उडी घेण्याची मोकळीक नसते, मुख्य मेनूच्या द्वारानेंच जावें लागतें. डीव्हीडीऑथर ही जी जुळणी करणारी मूळ आज्ञावली, तिच्या ०.७ च्या आवृत्तीपासून एक फरक झाला आहे : पूर्वीं चित्रपद्धति न सांगितल्यास ती अमेरिकेची एनटीएससी गृहीत धरी, आतां कांहींच गृहीत न धरतां काम थांबविते. जुनी टिपणें जशींच्या तशीं चालवूं पाहणारे येथें अडखळतात. अमेरिकेंतील आप्तांस तबकडी पाठवावयाची असेल तर मात्र मुद्दाम एनटीएससीच, म्हणजे ४८० ओळी व सेकंदास २९.९७ चित्रें, घ्यावी. तिकडील कित्येक यंत्रें पाल वाचीत नाहींत.

ध्वनि हळूहळू मागें पडत असेल तर चित्रण मोबाइलवर झालें आहे का तें विचारावें. मोबाइल सेकंदास चित्रें कमीजास्त घेतो, तबकडीस तीं ठाम लागतात. जुळणीपूर्वीं वेग एकसारखा करून ध्वनि ४८ किलोहर्ट्झवर आणावा.

मापाचा हिशेब थोडक्यांत. ४.७ गिगाबाइटांची तबकडी संगणक ४.३८ दाखवितो, कारण तो १०२४ च्या पटीनें मोजतो. त्यांत फसवणूक नाहीं. दोन तासांचें चित्रण त्यांत बसवावयाचें तर चित्र व ध्वनि मिळून सेकंदास सुमारें ५.२ मेगाबिट येतात. एक तासास हिशेबानें १०.४ येतील, परंतु पद्धतीची कमाल मर्यादा १०.०८ आहे, आणि घरीं बर्न केलेल्या तबकडीवर आम्ही ८ च्या वर जात नाहीं. बर्नच्या चुकांत सर्वांत वारंवार आढळणारी ही कीं, 'आयएसओ' ही प्रतिमाफाइल उलगडून न लिहितां साधी फाइल म्हणून तबकडीवर टाकलेली असते. यंत्र ती ओळखत नाहीं. संगणकावर उतरवून पुनः 'प्रतिमा बर्न करा' हा पर्याय निवडला कीं सर्व सुखरूप मिळतें. घरगुती ध्वनिचित्रलेखक यंत्रावर केलेली तबकडी 'फायनलाइझ' करावयाची राहिलेली असेल तर ज्या यंत्रावर लिहिली त्याच्यावरच ती पुरी करावी. तें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं सर्व तबकड्या तपासाव्या.

शेवटीं, खरोखर बिघडलेल्या तबकडीविषयीं. चालू यंत्रांत ती पुनःपुनः फिरवूं नये. ग्नू डीडीरेस्क्यू ही विनामूल्य आज्ञावली घेऊन २०४८ बाइटांचा खंड धरून तिची प्रतिमा उतरवावी. ही आज्ञावली प्रथम सुलभ भाग वाचून घेते, मग अवघड भागाकडे परतते, आणि कोणते खंड मिळाले, कोणते राहिले, याची यादी वेगळ्या फाइलींत ठेवते. आयएफओ व बीयूपी दोन्ही गेल्या असतील तर प्रतिमेंतील व्हीओबीवरून आयएफओएडिटनें नवी अनुक्रमणिका करतां येते. जुना मेनू परत मिळत नाहीं, पण ग्रंथ हातीं येतो. एकाच प्रतिमेवरून बर्न केलेली दुसरी तबकडी कोणा आप्ताकडे असेल तर ती मागवून, तीही बिघडलेली असली तरी, त्याच प्रतिमाफाइलीवर व त्याच यादीवर चालवावी. पहिलींत गळालेले खंड दुसरींतून भरले जातात. मात्र ती दुसरी तबकडी स्वतंत्र जुळणी करून केलेली असेल तर दोहोंचे खंड जुळत नाहींत. तिची प्रतिमा निराळी उतरवून निराळ्या नांवानें ठेवावी.