बाकावरची माणसे



गेला हंगाम संपत आला असताना एका गटसभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला भर सभेत विचारले, "साहेब, ऊस आम्ही लावतो, टोळीवाले तोडतात, कारखाना गाळतो. मग तुमची ही शेतकी खात्याची माणसं मोटारसायकलवर फिरून करतात तरी काय?" सभा हसली. आम्हीही हसलो. पण धड उत्तर काही देता आले नाही, आणि घरी आल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना.

उत्तर सापडले ते भलत्याच ठिकाणी. कॉलनीतल्या शाळेच्या पटांगणावर बास्केटबॉलचे दोन खांब उभे केले आहेत. पोरांना शिकवायला कोणी नाही, म्हणून डिप्लोमाला असताना थोडेफार खेळलो होतो एवढ्या भांडवलावर आम्ही संध्याकाळी तिथे उभे राहतो. त्या निमित्ताने खेळाविषयी वाचता वाचता अमेरिकेतल्या बटलर नावाच्या लहानशा विद्यापीठाची हकीकत हाती आली. ती खेळणाऱ्यांपेक्षा बाकावर बसणाऱ्या माणसांची जास्त आहे, म्हणून येथे देत आहोत.

बटलर इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहरात आहे. इंडियाना म्हणजे मका-सोयाबीनचा मुलूख, आणि आपल्याकडे कुस्तीचे तसे तिथे बास्केटबॉलचे वेड. १९५४ साली मिलान नावाच्या खेड्यातल्या इवल्याशा शाळेने राज्याचा अंतिम सामना ३२-३० असा जिंकला, त्याची गोष्ट तिथे अजून सांगतात. तो सामना झाला बटलरच्याच क्रीडागृहात. हे क्रीडागृह १९२८ सालचे असून त्याला टोनी हिंकल यांचे नाव आहे. हे हिंकल गुरुजी बास्केटबॉल, बेसबॉल आणि अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल असे तिन्ही खेळ एकटे शिकवायचे, ते थेट १९७० पर्यंत. बास्केटबॉलचा चेंडू पूर्वी गडद तपकिरी असे. तो नीट दिसत नाही म्हणून नारिंगी चेंडू आणला तोही यांनीच.

एका माणसाने तीन खेळ सांभाळायचे ते दिवस गेले. बटलर गाजत होते त्या काळात नियमाने एक मुख्य प्रशिक्षक आणि तीन सहायक ठेवता येत. २०२३ पासून आणखी दोन सहायकांची मुभा मिळाली. शिवाय प्रवास, मुक्काम, सामन्यांच्या फिल्मा असली कामे पाहणारा एक माणूस. मैदानावर पाच खेळाडू, सामना चाळीस मिनिटांचा, आणि त्यामागे ही एवढी माणसे. आमच्या गटसभेतले सभासद तिथे असते तर त्यांनी तिथेही विचारले असते, की ही कोट घालून बाकावर बसतात, करतात तरी काय?

करतात ते असे. पुढे ज्या संघांशी गाठ पडायची ते संघ सहायकांनी आपापसात वाटून घ्यायचे. ज्याच्या वाट्याला जो संघ आला त्याने त्या संघाच्या मागच्या सामन्यांच्या फिल्मा रात्र रात्र बसून पाहायच्या, पुढे-मागे करून, थांबवून. कोणता गडी डाव्या हाताला वळतो, कोण दमला की परतायला आळस करतो, अडचणीत सापडले की चेंडू कोणाकडे जातो, हे टिपून ठेवायचे. मग त्यातले शंभर मुद्दे टाकून देऊन चार-पाच ठेवायचे, कारण विशीतल्या पोराच्या डोक्यात सामन्याच्या वेळी तेवढेच राहते. (आम्हीही मेळाव्यात खताचे वीस मुद्दे सांगतो आणि सभासद एकही घरी नेत नाहीत. हे वाचून आमचे आम्हालाच हसू आले.) दुसऱ्या दिवशी सरावात, जी पोरे सामन्यात फारशी उतरत नाहीत त्यांना शत्रूसंघ बनवायचे आणि त्यांच्याकडून शत्रूच्या चाली खेळवून घ्यायच्या. म्हणजे सामन्याच्या दिवशी नवे असे काही नको.

दुसरे काम पोरे शोधण्याचे. बटलरची विद्यार्थीसंख्या तेव्हा चार हजारांच्या आसपास, आणि ज्यांच्याशी सामना ती विद्यापीठे कितीतरी मोठी. नामांकित पोरे तिकडेच जायची. तेव्हा बटलरच्या सहायकांनी गावोगावच्या शाळांची मैदाने पालथी घालायची आणि मोठ्यांनी न पाहिलेला गडी हेरायचा. गॉर्डन हेवर्ड हा असाच जवळच्या ब्राउन्सबर्ग गावचा पोरगा. शाळेत आधी बेताच्या उंचीचा, टेनिसकडे ओढा. पुढे तो साडेसहा फुटांच्या वर गेला, पण बटलरवाल्यांनी त्याच्यावर आधीपासून नजर ठेवली होती.

आता खरी गोष्ट. १९८९ साली बॅरी कोलियर हे बटलरचे जुने खेळाडू मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या वर्षी ६ सामने जिंकले, २२ हरले. पुढे काही वर्षांनी ते विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक डिक बेनेट यांना भेटले आणि त्यांच्याकडून पाच गोष्टी घेऊन आले : नम्रता, तळमळ, एकी, सेवाभाव आणि कृतज्ञता. असे शब्द भिंतीवर लिहिणाऱ्या संस्था आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यामुळे नुसत्या शब्दांचे आम्हाला कौतुक नाही. पण पुढच्या वर्षांत प्रशिक्षक बदलत गेले तरी शिकवण्याची रीत बदलली नाही, ही गोष्ट मोठी. २००० साली कोलियर गेले, त्यांचे सहायक थॅड मटा मुख्य झाले. मटा वर्षभरात गेले, तर दुसरे सहायक टॉड लिकलायटर. २००७ साली लिकलायटर गेले, तर त्यांचे सहायक ब्रॅड स्टीव्हन्स. वय फक्त ३०.

हे स्टीव्हन्स अर्थशास्त्राचे पदवीधर. इंडियानापोलिसातच एलाय लिली या औषध कंपनीत चांगल्या नोकरीवर होते. २००० साली ती नोकरी सोडून बटलरच्या बास्केटबॉल ऑफिसात बिनपगारी काम करायला आले. आपल्याकडे एखाद्याच्या पोराने असे केले तर भावकीत बैठक बसेल! पुढे एक जागा रिकामी झाली आणि ते पगारी झाले, मग सहायक, मग मुख्य. मुख्य झाल्यावर पहिल्याच मोसमात ३० सामने जिंकले.

२०१० साली देशभरातून निवडलेल्या ६५ संघांच्या स्पर्धेत बटलर उतरले. सहायकांच्या बाकावर मॅथ्यू ग्रेव्ह्ज, मायका श्रूजबरी आणि टेरी जॉन्सन. यूटेप, मरे स्टेट, सिराक्यूज, कॅन्सस स्टेट, मिशिगन स्टेट असे पाच संघ ओळीने हरले, आणि त्यांचे गुण पाहा : ५९, ५२, ५९, ५६, ५०. पाचांपैकी एकालाही साठ गाठता आले नाहीत. रात्री जागून केलेल्या त्या टिपणांचा हा उतारा.

अंतिम सामना ५ एप्रिलला बलाढ्य ड्यूक संघाशी, आणि तोही इंडियानापोलिसातच. सत्तर हजार प्रेक्षक. शेवटच्या क्षणी ड्यूक ६१, बटलर ५९. हेवर्डने मैदानाच्या मध्यावरून चेंडू फेकला. चेंडू फळीवर लागला, कड्यावर आदळला आणि बाहेर पडला. दोन बोटे आत असता तर इतिहास वेगळा झाला असता. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, बटलर पुन्हा अंतिम सामन्यात पोचले. या खेपेस ६४ फेकींपैकी फक्त १२ आत गेल्या आणि ५३-४१ असा पराभव झाला. टिपणे तीच, माणसे तीच. पाऊसपाणी, खत, बेणे सगळे नीट असूनही एखाद्या वर्षी उतारा पडतो, हे तुम्हा-आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको.

२०१२ साली स्टीव्हन्सनी एक तरुण खास आकडेमोडीसाठी घेतला. कोणते पाच गडी एकत्र असताना गुण वाढतात आणि कोणते पाच असताना घटतात, एवढेच त्याने पाहायचे. गावच्या सरासरीवर न जाता प्लॉटवार टनेज पाहावे, तसेच हे.

मग जे व्हायचे ते झाले. २०१३ साली ग्रेव्ह्ज दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि जुलैमध्ये स्टीव्हन्स बॉस्टनच्या व्यावसायिक संघाकडे गेले. त्याच वर्षी बटलर अधिक तगड्या गटात दाखल झाले. जुने खेळाडू ब्रँडन मिलर मुख्य झाले आणि मोसम १४ विजय, १७ पराभव असा गेला. पुढच्या मोसमाच्या तोंडावर मिलर प्रकृतीमुळे रजेवर गेले. वर्षभरापूर्वीच सहायक म्हणून बाहेरून आलेल्या ख्रिस होल्टमन यांच्यावर सगळे येऊन पडले. त्या वर्षी संघाने २३ सामने जिंकले, ११ हरले.

आम्ही इथे बराच वेळ थांबलो, कारण आम्हाला आमचीच एक चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे एक नवा गट आला. आधीचे शेतकी मदतनीस फार जाणते होते, कोणाच्या शेतात काय आहे ते त्यांना तोंडपाठ. ते बदलून गेले आणि तोंडपाठ ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांची डायरी आम्ही मागितली नाही आणि त्यांनीही दिली नाही. त्या सालात आम्ही ज्या प्लॉटमधले बेणे शिफारस करून वाटले, त्यात आदल्या वर्षी गवताळ वाढ दिसली होती. सात-आठ शेतकऱ्यांच्या लागणी बिघडल्या, खोडव्याला तर बेटेच्या बेटे गवतासारखी. एक शेतकरी आम्हाला काही बोलले नाहीत, फक्त बांधावर घेऊन गेले आणि उभे केले. आमच्यानंतर येणाऱ्या माणसाला आमच्यासारखे बांधावर उभे राहावे लागू नये, एवढी व्यवस्था तेव्हा कोणीच केलेली नव्हती. बटलरने नेमकी तीच केली होती.

तर आमच्या खात्यात आता प्रत्येक गटाला दोन नोंदवह्या केल्या आहेत, एक मदतनिसाजवळ आणि एक गट ऑफिसात. लागणीची तारीख, बेणे कोठून आणले, रोग-कीड काय दिसली, पाणी किती पाळ्यांचे, हे सगळे त्यात दर महिन्याला लिहायचे. सभासदांनी कधीही येऊन आपले पान पाहावे, चुकले असेल तर सांगावे.

पहिले पान आम्ही गटसभेतल्या त्या वडीलधाऱ्या सभासदांनाच दाखवले. त्यांनी चष्मा लावला, सगळे वाचले, आणि म्हणाले, "साहेब, लागणीची तारीख आठ दिवसांनी चुकलीय तुमची." आम्ही तिथेच दुरुस्त करून घेतली.