नळीची लांबी आणि गोळीचा वेग



काही वर्षांपूर्वी शाळेतील मुलांस घेऊन मी सांगलीहून विजापुरास गेलो होतो. तेथील मुलूखमैदान तोफ 14 फूट 4 इंच लांब असून तिचे तोंड 2 फूट 4 इंच रुंद आहे. उपली बुरुजावरील तोफ 30 फूट 8 इंच लांब. तोंड मात्र अवघे एक फूट. "गुरुजी, ही एवढी लांब कशाला?" एका मुलाने विचारले. "लांब नळीने नेम सरळ लागतो," असे मी सांगून मोकळा झालो. ते उत्तर चूक होते. त्याची दुरुस्ती करणे माझे कर्तव्य आहे.

दारू पेटली म्हणजे तिचा तप्त वायू होतो व तो गोळीस पुढे रेटतो. गोळी नळीत आहे तोवरच हा रेटा तिला पुरता लाभतो. आरंभीच्या काही इंचांतच वायूचा दाब कळसास पोहोचतो. पुढे गोळीमागची पोकळी वाढत जाते आणि दाब उतरतो. म्हणून नळी वाढवावी तसा वेग वाढतो खरा. पण प्रत्येक पुढचा इंच मागल्याहून कमी देतो.

नळी किती लांब हवी, हे काडतुसातील दारूवर अवलंबून असते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात .22 चे चिमुकले काडतूस असते. त्याची दारू सुमारे 16 इंचांत आपले काम उरकते. मराठा पलटणीच्या शिपायांनी दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या .303 ली-एनफील्डची नळी 25.2 इंचांची होती. तिच्या आधीची 30.2 इंचांची. पाच इंच छाटले तेव्हा टीका झाली, पण वेग थोडाच घटला.

मॅग्नम काडतुसाची गोष्ट निराळी. .300 विन्चेस्टर मॅग्नमची गोळी जवळजवळ .303 एवढ्याच जाडीची. दारू मात्र सुमारे दुप्पट, आणि तीही सावकाश जळणारी. तिला 24 ते 26 इंचांची नळी देतात. ती छाटल्यास दर इंचामागे सेकंदाला साधारण 25 ते 50 फूट वेग जातो. वाया गेलेली शक्ती तोंडाशी ज्वाळा आणि कानठळ्या होऊन बाहेर पडते. म्हणजे मॅग्नम घेऊन नळी आखूड ठेवणे हे मोठी चूल पेटवून तीवर लहानसे भांडे ठेवण्यासारखे आहे. उलट नळी फार लांब केली तर बंदूक जड व अडचणीची होते.

आता नेमाविषयी. गोळी स्थिर राहते ती नळीतील पिळाच्या खाचांमुळे. आखूड, जाड नळी तर कमी थरथरते. उघड्या माशीने नेम धरताना लांब नळीचा उपयोग होतो, एवढाच माझ्या उत्तरात सत्यांश.

1854 साली साताऱ्याच्या कमिशनराच्या हुकुमाने निरुपयोगी सामानाबरोबर मुलूखमैदानही लिलावास निघाली होती. बोली आली 150 रुपयांची! सुदैवाने विक्री रद्द झाली. ती तोफ वितळली असती, तर दोहोंची तुलना करून प्रश्न विचारण्याची संधी त्या मुलास कोठून मिळती? तो आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. तो ऐकत असेल, तर हे उत्तर त्याच्यासाठीच आहे.