रिकामे भांडे परत करू नये

शेजारच्या घरून ताट आले, तर ते रिकामे परत करू नये, हा आपल्याकडील घरोघरचा जुना शिरस्ता आहे. दिवाळीत फराळाचे ताट येते आणि नाताळात नेवऱ्या, केक घेऊन तेच ताट परत जाते. गोव्यात आणि बेळगावकडे ही देवघेव पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. हल्ली मात्र भेट म्हणजे बाजारातून आणलेली वेष्टनातील वस्तू, असा समज रूढ होत आहे. तीत पैसा खर्च होतो, परंतु देणाऱ्याचा हात त्या वस्तूला लागलेला नसतो. वास्तविक घरी करता येण्याजोग्या, अल्प खर्चाच्या भेटी पुष्कळ आहेत. त्यांपैकी काही उत्तम भेटी मध आणि मेण यांच्या होत.

मेणबत्तीचेच पाहा. ह्या शब्दातच मेण आहे, पण बाजारातील मेणबत्ती बहुधा खनिज तेलापासून काढलेल्या पॅराफिनची असते. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती चर्चच्या वेदीवर लावण्याचा प्रघात फार प्राचीन आहे. ती घरी करणे कठीण नाही. शुद्ध मेणाचे तुकडे लहान भांड्यात घ्यावेत आणि ते भांडे गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे. सुमारे ६३ अंश सेल्सिअसला मेण वितळते. ते जाळावर थेट कधीही ठेवू नये, कारण ते पेट घेते. वितळलेले मेण फडक्यातून गाळून, सुती वात उभी धरलेल्या पणतीत ओतावे. गार झाले की भेट तयार झाली.

दुसरी भेट मलमाची. एके काळी अनेक घरांत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असे. कपाळाला मेणाचे बोट लावून त्यावर स्त्रिया कुंकू रेखीत. तेच मेण एक भाग आणि खोबरेल तेल तीन भाग एकत्र वितळवून डबीत ओतले, की फुटलेल्या ओठांवर व टाचांच्या भेगांवर लावण्याजोगे मलम होते. इंदूर-ग्वाल्हेरकडील थंडीत त्याची किंमत विशेष कळते. तिसरी भेट मधातील आवळ्याची. आवळे वाफवून, फोडी सुकवून मग मधात घालाव्यात. फोडी ओल्या राहिल्या तर मध पातळ होऊन आंबतो. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी : एक वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच देऊ नये. त्यात क्वचित असणारी जंतूंची बीजे तान्ह्याच्या पोटात विष निर्माण करू शकतात.

आता, ह्या भेटींचे खरे देणारे कोण, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून मेणाचे पापुद्रे स्रवतात आणि ते चावून मऊ करून माशी घर बांधते. एक किलो मेण निर्माण करण्यासाठी माश्यांना साधारणपणे सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असे मानतात. म्हणून पोळे पिळून मध काढणे म्हणजे केवळ मध घेणे नव्हे. त्यात घर मोडते आणि अंडी-अळ्याही चिरडल्या जातात. लाकडी चौकटींच्या मधुपेटीत व मधयंत्रात पोळे शाबूत राहते, ते माश्यांना परत देता येते. आपल्या सातेरी माशीला सोयीची अशी लहान पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडील फादर न्यूटन ह्या जेझुइट धर्मगुरूंनी प्रचारात आणली. पुढे १९६२ मध्ये पुण्यास मधमाशीविषयक मध्यवर्ती संशोधन संस्था स्थापन झाली. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

तथापि पेटी चांगली असली तरी पोट भरत नाही. कोकण-गोव्यात माशीचा कठीण काळ पावसाळा होय. संततधार पावसात तिला बाहेर पडता येत नाही आणि फुलेही थोडी असतात. त्या दिवसांत वसाहत साठविलेल्या मधावर जगते. पावसाळ्यापूर्वी सगळाच मध काढून घेतला, तर सातेरी उपाशी मरते किंवा घर सोडून जाते. म्हणून मध घेताना भाव विचारावा, तसेच तो कसा काढला आणि माश्यांसाठी किती ठेवला, हेही विचारावे.

माशीसाठी गृहस्थाला घरबसल्या पुष्कळ करता येते. तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नयेत, त्यांवर माश्या दिवसभर येतात. कोथिंबीर, मेथी, बडीशेप यांची दोन-चार रोपे फुलावर येऊ द्यावीत. अंगण असेल तर शेवगा, कढीलिंब, जांभूळ लावावे. उथळ परातीत खडे घालून त्यात पाणी ठेवावे, म्हणजे माशी बुडत नाही. फुलावर आलेल्या झाडावर विषारी औषध फवारू नये. निरुपाय असेल तर दिवेलागणीनंतर, माश्या घरी परतल्यावर फवारावे. भिंतीच्या पोकळीत सातेरीने घर केले, तर ती जाळण्याऐवजी जाणकाराकडून पेटीत हलवून घ्यावी. उंच झाडावर किंवा इमारतीला लोंबणारे आग्या माशीचे पोळे मात्र लांबूनच पाहावे. त्याला दगड मारणे जिवावर बेतू शकते, हे मुलांना निक्षून सांगावे.

ह्या नाताळात मधाची बाटली कोणास द्यावयाची असेल, तर तिच्या गळ्याशी तुळशीच्या बियांची एक पुडी बांधावी, किंवा नारळाच्या करवंटीत वाढवलेले तुळशीचे रोप तिच्याबरोबर द्यावे. खर्च जवळजवळ नाहीच, परंतु ज्या घरी ती भेट जाईल, त्या घराच्या गॅलरीत माशीला चारा मिळेल. मधमाशीने आपले भांडे आजवर भरूनच पाठविले आहे. ते परत करताना त्यात निदान एक फूल असावे, एवढेच मागणे आहे.